नव्या टायरची खांदेमळणी

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं आहे की दुसऱ्या दिवशी मीच वाचायला बसले तर अडखळते. आमच्या वाचनालयात दिवाळीला हातानं लिहिलेला अंक काढतात. तो बघणाऱ्या सुनंदाताई स्कूटीत हवा भरायला आल्या की म्हणतात, "तुमच्या धंद्याचं काहीतरी लिहा. शुद्धलेखन मी सांभाळते." मी अजून हो म्हटलेलं नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. पण एकटीनं बसून लिहायला कोणाची भीती? द्यायचं की नाही ते नंतर ठरवीन. वाचणाऱ्यानं चुका पदरात घ्याव्यात. कागदावर काळे डाग दिसले तर ते शाईचे नाहीत, बोटांचे आहेत.

घोडेगावात रस्त्याच्या कडेला आमचं टायरचं दुकान आहे. पुढं पत्र्याची शेड, मागं दोन खोल्यांचं घर. आधी सगळं काम मालक करायचे, म्हणजे माझे यजमान. ट्रकची टायरं उचलून त्यांची कंबर गेली. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं, आणि टायरचं काम तर न वाकता होत नाही. मग ते खुर्चीवर बसून सांगायचे आणि मी करायची. ट्रकचं काम सोडलं, मोटारसायकली तेवढ्या ठेवल्या. आता ते सांगतही नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम त्यांचं, हातांचं काम माझं. मला हे बरं पडतं.

सुरुवातीला एक जण आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पुरुष मानूस कुठं हाय?"

मालक खुर्चीवरून म्हणाले, "मी हाय की."

"मग उठा."

"मला उठता आलं असतं तर तिला कशाला उठवली असती?"

तो माणूस उभा राहून माझं काम बघत राहिला. शेवटी पैसे देऊन गेला. पुढच्या वेळी आला तेव्हा बायकोला घेऊन आला आणि तिला म्हणाला, "बघ, ह्याच त्या." मी मान वर केली नाही.

आमच्याकडे गुराढोरांचा बाजार मोठा. बाजाराच्या दिवशी दलाल, व्यापारी, शेतकरी सगळे मोटारसायकलींवर येतात. त्यांतले एक दादाभाऊ म्हणून दलाल आहेत. त्यांनी पहिल्यांदा टायर घ्यायचं ठरवलं तेव्हा बैलाचे दात बघावेत तसं टायर बघितलं. खाचांत नख घातलं, कडा दाबल्या, वास घेतला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून उजव्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढं केला. जनावराच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली दोघांनी हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. मी माहेरी वडलांच्या मागं उभी राहून हे पुष्कळ बघितलं होतं. पण परपुरुषाच्या टॉवेलाखाली हात कसा घालायचा? मी दोन्ही हात पदराखाली घेतले. दादाभाऊंना स्वतःची चूक कळली आणि त्यांचाच चेहरा लाल झाला. "सवय हाय आक्का," म्हणाले, "भाव म्हनलं की हात फुडं जातो." मग मालकांनी टॉवेलाखाली हात घातला. दोघं बराच वेळ गंभीर तोंडं करून उभे होते. दादाभाऊ गेल्यावर मी विचारलं, किती ठरलं. मालक म्हणाले, "लिहिलेलाच भाव. पन त्याला बोटं दाबल्याशिवाय घेतल्यासारखं वाटत न्हाई."

आता धंद्याची गोष्ट सांगते. टायर बसवणं अवघड नाही. चाक काढायचं, हवा सोडायची, लोखंडी पट्ट्या घालून जुनं टायर रिममधून उपसायचं. नवं बसवताना रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावायचं, ट्यूबला पावडर लावायची म्हणजे ती चुरगळत नाही. टायरवर बाण असतो, चाक ज्या दिशेनं फिरतं तिकडं तो ठेवायचा. पट्टीनं ट्यूब चिमटली तर पंक्चर आपलंच. एवढं आलं की आलं.

अवघड आहे ते पुढचं. नवं टायर घसरतं, हे माणसाला पटवणं. माणूस म्हणतो, जुनं झिजलं होतं, घसरत होतं, म्हणून तर नवं टाकलं. ते खरं आहे. पण नव्याचंही एक आहे. वड्या थापताना आपण ताटाला तूप लावतो, म्हणजे वडी सुटून येते. टायर साच्यातून सुटून यावं म्हणून तसंच काहीतरी लावलेलं असतं, त्याचा गुळगुळीतपणा वर राहतो. नवी चप्पल फरशीवर सरकते ना, तसं. रस्त्यावर घासून घासून तो जातो. त्याला शंभर-दीडशे किलोमीटर लागतात. तोवर गाडी जोरात पळवायची नाही, ब्रेक एकदम दाबायचा नाही, वळणावर गाडी फार कलती करायची नाही.

यातही एक मेख आहे. सरळ रस्त्यावर टायरचा मधला पट्टा तेवढा घासतो. दोन्ही कडा कोऱ्याच राहतात. माणसाला वाटतं, पन्नास किलोमीटर चाललं, आता काय होतंय. आणि वळणावर गाडी कलते, ती नेमकी कोऱ्या कडेवर टेकते. म्हणून वळणं घेताना रोज थोडी थोडी जास्त कलवत न्यायची, म्हणजे कडाही हळूहळू खरबरीत होतात. शिवाय जुनं टायर मध्ये सपाट झालेलं असतं, नवं गोल असतं. त्यामुळं गाडी वळायला एकदम हलकी लागते आणि हाताला सवय नसते. दुसऱ्या दिवशी हवा पुन्हा बघून घ्यायची, कारण टायर रिममध्ये नीट बसलं की कधी कधी हवा कमी होते.

हे सगळं मी गिऱ्हाइकाला सांगायची. म्हणजे टायरकडे बघून पुटपुटायची. "शंभर किलोमीटर हळू चालवा, वळनावर जपून." ऐकणारा ऐकायचा, न ऐकणारा किक मारून मोकळा व्हायचा. मी सांगितलं, माझं काम झालं, असं मला वाटायचं.

एका माणसाला मात्र मी ते सांगितलंच नाही. हे लिहायला बसले ते खरं तर त्याच्यासाठी. मघापासून मी ते पुढं ढकलते आहे.

भाऊसाहेब म्हणून आमच्याजवळच्या वस्तीवर राहतात. वस्तीवरच्या आठ-दहा घरांचं दूध गोळा करून ते डेअरीवर घालायचे, सकाळ-संध्याकाळ. मोटारसायकलला मागं दोन्ही बाजूंना कॅन. त्यांच्याकडे एक बैलजोडी होती. ट्रॅक्टर आल्यापासून तिला काम राहिलं नव्हतं, आणि वैरण परवडेना, म्हणून त्या उन्हाळ्यात त्यांनी ती बाजारात विकली. सौदा दादाभाऊंनीच करून दिला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊसाहेब दोन्ही टायरं बदलायला आले. त्या दिवशी घरोघरी खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यानं जू ओढलं तो बैलाचा खांदा ऊन पाण्यानं शेकायचा, हळद आणि तूप किंवा तेल लावून चोळायचा, आणि 'उद्या जेवायला या' असं बैलाला आवतण द्यायचं. मी बैल असलेल्या घरातली. लग्न होईपर्यंत आमच्या बैलांचे खांदे मीच मळायची, कारण वडील म्हणायचे, माझा हात हलका आहे.

टायरं बसवून झाली. भाऊसाहेब गाडीकडे बघत उभे होते. मग हसून म्हणाले, "काकू, गोठा रिकामा हाय यंदा. आता हीच आमची जोडी. हिचीच करा खांदेमळनी."

मालक म्हणाले, "लावा की. आमच्या मंडळींचा हात हलका हाय."

चेष्टाच होती ती. पण भाऊसाहेबांचं हसू लगेच विझलं, आणि त्यांनी तोंड फिरवलं. मी आत गेले. तूप नव्हतं. डोक्याला लावायचं खोबरेल होतं, त्यात हळद कालवली आणि बाहेर येऊन नव्या टायरांना लावली. आधी थोडीशी लावणार होते, बोट टेकवण्यापुरती. पण हात सुरू झाला की थांबत नाही. वरून खाली, खालून वर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, चाक फिरवत फिरवत सगळं मळून काढलं. टायर काळंभोर चमकायला लागलं. मला माहेरचा गोठा आठवत होता. भाऊसाहेबांनी गाडीला हात जोडले आणि म्हणाले, "उद्या जेवायला या." अशा वेळी त्यांना हळू चालवा म्हणून कुठं सांगायचं? मी काही बोलले नाही.

टायरला तेल लावू नये, हे मला ठाऊक होतं. ग्रीसचा हात लागला तरी मी पुसून घेते. पण त्या घटकेला ते टायर नव्हतं. एवढंच माझ्याजवळ सांगायला आहे, आणि ते पुरेसं नाही.

वस्तीवरून दूध घेऊन डेअरीकडे येताना पाटाच्या पुलापाशी वळण आहे. त्याच संध्याकाळी तिथं भाऊसाहेब पडले. गाडी खाली, पाय गाडीखाली, दूध रस्त्यावर. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. त्यांना टेम्पोत घालून नगरला नेलं, आणि गाडी ढकलत आणून आमच्या शेडमध्ये लावली, कारण जवळचं दुकान आमचंच. लोक म्हणत होते, शेणावरून घसरली असेल. कोणी म्हणालं, टायर हलकं निघालं.

लोक पांगल्यावर मी टायर बघितलं. मधला पट्टा रस्त्याच्या धुळीनं पांढरा झाला होता. कडा तशाच ओल्या होत्या, पिवळसर. कोणालाही दिसलं असतं, पण बघायचं कुठं हे माहीत असलेलं माणूस तिथं आम्ही दोघंच.

मालक हळूच म्हणाले, "पुसून टाक."

मी फडकं घेतलं, साबणाचं पाणी घेतलं आणि मागचं टायर पुसलं. चांगलं घासून पुसलं. पुढच्या टायरला हात घातला तेव्हा माझ्याच लक्षात आलं, मी काय करते आहे. पुढचं तसंच ठेवलं. पण मागचं पुसून झालं होतं, हे मी लपवत नाही.

मालकांनी विचारलं, "आता काय?"

"मी सांगनार हाय."

"तू? तू कवा कुनाला काय सांगितलंस?" ते रागानं म्हणाले नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं. मग म्हणाले, "दुकान बसंल. टायरवालीनंच टायरला तेल लावलं म्हनल्यावर कोन येईल?"

दोन दिवसांनी भाऊसाहेबांची बायको सिंधू आली. तोवर मी तिला लांबून ओळखत होते, बोलणं कधी झालं नव्हतं. उंच, हाडापेरानं मोठी, बोलणं तडक. ती आली ती भांडायच्या तयारीनं, पण माझ्याशी नाही.

"टायर काढून द्या," म्हणाली. "ज्या व्यापाऱ्यानं तुमाला दिलं त्याच्या तोंडावर नेऊन मारते. डुप्लिकेट माल इकतो. मानूस मेलं असतं माजं."

तो व्यापारी चांगला माणूस. माझ्या डोळ्यांपुढं सगळं आलं. मी गप्प राहिले असते तर तिनं त्याच्याशी भांडण केलं असतं, त्यानं हात वर केले असते, आणि गोष्ट तिथंच मिटली असती. मी पुढच्या टायरकडे बघूनच बोलले.

"टायर चांगलं हाय बाई. तेल मी लावलं हुतं."

"कसलं तेल?"

"डोक्याचं. हळद घालून."

"गाडीला?"

"व्हय. खांदेमळनी म्हनून."

ती खाली वाकली, टायरच्या कडेला बोट लावलं, वास घेतला. मग शेजारी जुनी टायरं रचली होती त्यांच्यावर बसली. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी त्याची वाट बघत होते. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यांनी लावू दिलं?"

"त्यांनीच म्हनलं. पन मला कळायला पायजे हुतं. आन् हळू चालवा म्हनून सांगायचं, ते बी सांगितलं न्हाई."

बोट पदराला पुसत ती म्हणाली, "बैल इकले त्या दिवशी डोळ्याला पानी न्हवतं त्यांच्या. मी म्हनलं, काय काळीज हाय. आन् हितं गाडीची खांदेमळनी करून गेले." मग माझ्याकडे बघून, "चूक कुनाची ते तुमी दोघं बसून वाटून घ्या. मला येवढं सांगा, दूध कोन घालनार?"

तिचा प्रश्न खरा होता. दूध एक वेळ थांबलं तर घरं थांबतात, दोन दिवस थांबलं तर दुसऱ्या माणसाला लावून घेतात. एकदा घरं तुटली की परत मिळत नाहीत. त्या दोन दिवसांत शेजारच्या एकानं उपकार म्हणून दूध नेलं होतं, पण त्याचा डोळा त्या घरांवरच होता. भाऊसाहेबांचं कुटुंब त्याच आठ-दहा घरांच्या दुधावर उभं होतं.

मी आत जाऊन डबा घेऊन आले. जुना कॉम्प्रेसर कुरकुरत होता म्हणून नव्यासाठी मी चाळीस हजार साठवले होते. ते तिच्यापुढं ठेवले. "दवाखान्याला होतील."

"हे कशाचे?"

"माज्या चुकीचे."

"चुकीचे नगंत मला. उसने देत असाल तर घेते."

मालक खुर्चीवरून म्हणाले, "उसने म्हन गं." मी उसने म्हटलं. तिनं ते पदराला बांधले आणि उठता उठता विचारलं, "गाडी शिकवाल का?"

मला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "तुमी त्या मागच्या रस्त्यानं गाडी चालवून बघता. मी बघितलंय."

हे कोणाला माहीत आहे असं मला वाटलं नव्हतं. टायर बसवल्यावर चाक सरळ धावतं का बघायला मालकांनी मला गाडी शिकवली होती. शेडच्या मागून बाभळीपर्यंत जायचं आणि यायचं, तेही कोणी नसताना. रस्त्यावर मी कधी नेली नाही. पण ज्या टायरांनी तिचा माणूस पाडला त्यांच्यावरच ती बसायला निघाली होती. तिला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

आधी टायरं काढून, धुण्याची पावडर आणि ब्रशनं तीनदा घासली. कापड फिरवून बघितलं, तेल येईना. मग वाळूत लोळवली. गाडीचं हॅन्डल वाकडं झालं होतं ते सरळ केलं. त्या दुधवाल्या शेजाऱ्याला सिंधूनं सांगितलं, पंधरा दिवस धर, सोळाव्या दिवशी मी येते. तो हसला, म्हणाला, "या की वहिनी."

बाजार नसला की आमचा बाजारतळ मोकळा असतो. मोठं मैदान, धूळ, खुंट्या आणि पाण्याचे हौद. आम्ही दुपारी तिथं जायचो. सिंधूनं शाळेत सायकल चालवली होती, तोल होता. क्लच तिला दोन दिवसांत आला. तिसऱ्या दिवशी ती मोकळ्या मैदानात जोर करायला लागली. मला जन्मात पहिल्यांदा कोणावर ओरडावं लागलं. "सिंधू, हळू. नवं टायर हाय."

"किती दिवस नवं राहनार हाय हे?"

"शंभर किलोमीटर झाले की सांगते."

नव्या टायरला हळू चालवणारं माणूस लागतं, आणि नव्या शिकणाऱ्याला हळूच चालवावं लागतं. त्या दोघांचं जमलं. आम्ही मैदानात मोठे गोल काढायचो. रोज गोल थोडा लहान करायचा, म्हणजे गाडी रोज थोडी जास्त कलते आणि टायरच्या कडा बेताबेतानं घासतात. गोल संपला की मी गुडघ्यावर बसून बघायची, कोरी कड किती उरली. पहिल्या दिवशी बोटभर होती. मग करंगळीएवढी. मग काडीएवढी. सिंधूही वाकून बघायला लागली. "आज कालच्यापेक्षा कमी हाय मावशी," म्हणायची. ब्रेक कसा दाबायचा तेही असंच. लिंबू पिळताना बी रसात पडू नये म्हणून बेतानं पिळतो तसा, एकदम नाही.

एकदा दादाभाऊ तिथून जाताना थांबले. हातात टॉवेल. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "नवं खोंड औताला धरताय जनू."

सिंधू गाडीवरूनच म्हणाली, "खोंड मी का गाडी, दादाभाऊ?"

"ते तुमचं तुमी ठरवा. पन मी सांगतो ते ऐका. खोंडाला पहिल्या दिवशी नांगर लावत न्हाईत. आधी मोकळं जू, मग लाकडाचा ओंडका, मग औत. कॅन कवा बांधनार तुमी?"

आम्हाला ते सुचलंच नव्हतं. आम्ही एकदम दूध भरून रस्त्यावर जाणार होतो. मग आधी रिकामे कॅन बांधले. दोन दिवसांनी हौदातल्या पाण्यानं काठोकाठ भरले. नंतर अर्धे. आम्हाला वाटलं होतं, अर्धे सोपे जातील. पण भरलेल्या कॅनपेक्षा अर्धा कॅन वाईट, हे तेव्हा कळलं. पाणी आत हेलकावतं आणि वळताना गाडीला मागून ढुशी मारतं. सिंधू त्या दिवशी एकदा पडली. मैदान होतं, वेग नव्हता, कोपर खरचटलं. मी धावले. ती मातीत बसूनच म्हणाली, "आता तेल न्हवतं बरं का मावशी, ही माजी हाय." आणि हसायला लागली. मला मात्र हसू आलं नाही. मी तिचं कोपर धुतलं.

सोळाव्या दिवशी सकाळी ती दूध घेऊन निघाली. मी शेडमध्ये उभी राहून वाट बघत होते. पाटाच्या पुलावरून ती आली ती इतक्या हळू की मागून येणारी सायकल तिला ओलांडून गेली. दुकानापुढून जाताना तिनं मान हलवली नाही, नजर रस्त्यावर. घरं एकही तुटलं नाही.

भाऊसाहेबांचा पाय जुळायला सहा महिने गेले. आत सळई आहे, थोडे लंगडतात. मी त्यांना घरी जाऊन भेटले तेव्हा तेच माझी समजूत घालायला लागले. "काकू, मीच तुमाला गळ घातली. बैल काय, तेल लावलं म्हनून घसरत न्हाई. मी गाडीला बैल समजलो." मी म्हटलं, तुम्ही समजलात ते ठीक, मला माहीत होतं ना. बरे झाल्यावरही दुधाची गाडी सिंधूनंच ठेवली. ते म्हणतात, "आमची नोकरी गेली."

दुकान बसलं नाही. गोष्ट गावभर झाली, महिनाभर लोक येऊन मालकांना विचारायचे, "आज हळद हाय का?" मग विसरले. मी विसरले नाही. तेव्हापासून मी टायर बसवलं की गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवते. गिऱ्हाइकानं माझ्यापुढं म्हणून दाखवायचं, किती किलोमीटर, कसं चालवायचं, उद्या हवा बघायला कधी येणार. म्हटल्याशिवाय किल्ली नाही. पोरं वैतागतात. एक जण म्हणाला, "शाळा हाय का ही?" मी म्हटलं, "व्हय, चौथीपर्यंत." असं उत्तर माझ्या तोंडून आलं याचं मलाच नवल वाटलं. बाकी मी अजूनही टायरकडेच बघून बोलते.

त्या चाळीस हजारांचं सांगायचं राहिलं. डेअरी दर दहा दिवसांनी पैसे देते. सिंधू पहिलं पेमेंट घेऊन सरळ दुकानात आली आणि पाचशे रुपये पुढं केले. मी घेईना. ते पैसे मी दंड म्हणून दिले होते. दंड परत घेतला की चूक पुन्हा अंगावर येते, असं मला वाटायचं. तिनं नोट साबणाच्या पाण्याच्या डब्याखाली ठेवली आणि गेली. दहा दिवसांनी पुन्हा. कधी पाचशे, कधी तीनशे. दूध आटलं तेव्हा शंभर. मी दरवेळी नको म्हणायची आणि ती दरवेळी डब्याखाली ठेवायची. एकदा मी खूपच धरून बसले तेव्हा ती चिडली. "मावशी, तुमी घेत न्हाई तवा मला काय वाटतं ठाव हाय का? रोज गाडीला किक मारते ती तुमच्या चुकीच्या पैशावर मारते. मला माज्या गाडीवर बसायचं हाय." त्यानंतर मी हात पुढं करायला लागले.

हे तीन वर्षांहून जास्त चाललं. मधे तिनं टायरं बदलली, तीही माझ्याकडेच, आणि न विचारता सगळा धडा म्हणून दाखवला. या वर्षी पोळा झाल्यावर ती शेवटचे चारशे घेऊन आली. मालकांच्या हातात दिले नाहीत, माझ्याच दिले.

मी म्हटलं, "पैसे फिटले सिंधू. पन माजं बाकीचं कसं फिटायचं?"

ती गाडीवर बसली होती. कॅन रिकामे होते, घरी चालली होती. "बाकीचं कधी उसनं घेतलंच न्हवतं मावशी," म्हणाली, "तर फेडायचं कुठनं?"

ती गेली. मालकांनी नोटा मागून घेतल्या आणि सवयीप्रमाणे मोजल्या. चारशे होत्या. चाळीस हजार पुरे झाले.